समुद्रमंथनाचे मोजमाप

धन्वंतरी समुद्रमंथनातून वर आला, ही कथा आपण वैद्यक व्यवसायातील मंडळी दर धनत्रयोदशीला आठवतो. त्या कथेत मंदर पर्वताची रवी आहे, वासुकीचा दोर आहे, दोर ओढणारे देव-दानव आहेत. मात्र समुद्र नेमका किती घुसळला गेला याचा आकडा पुराणकारांनी दिलेला नाही. तो आकडा मिळविण्याचा उद्योग गेली साठ वर्षे सागरवैज्ञानिक करीत आहेत. खुल्या महासागरात, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, पृष्ठभागाखाली शेकडो मीटर खोल, वरचे पाणी खालच्या पाण्यात किती वेगाने मिसळते? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधण्यात काही उत्तम बुद्धिवंतांची हयात गेली, आणि त्यांना वाट दाखविणारा पहिला माणूस आपल्याच व्यवसायातला होता. म्हणून हा विषय स्मरणिकेसाठी निवडला.

बसवकल्याणकरांनी समुद्राची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. येथून कोणताही किनारा हवाई अंतराने चारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. आपली ओळख चालुक्यांची राजधानी, महात्मा बसवेश्वरांची कर्मभूमी, किल्ला आणि त्रिपुरांत तलाव अशी. त्यात लाटांचा संबंध नाही. परंतु पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरून वाहणारे पाणी कोठे जाते, ते पाहावे. आपण दोन खोऱ्यांच्या पाणलोटावर वसलो आहोत. उत्तरेकडचे पाणी मांजरेला मिळते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीत जाते. दक्षिणेकडचे मुल्लामारीतून कागिण्यात, तेथून भीमेत आणि मग कृष्णेत. वाटा दोन, पण शेवट एकच, बंगालचा उपसागर. आणि ज्या समुद्रात गोडे पाणी एवढ्या प्रमाणावर येऊन पडते, तो घुसळायला जगातील सर्वांत हट्टी समुद्रांपैकी एक आहे. त्याकडे पुढे वळू.

ज्यांनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत उड्या मारल्या आहेत, त्यांना समुद्राची रचना समजावून सांगावी लागत नाही. छातीपर्यंतचे पाणी कोमट आणि पाय खाली सोडले की तळव्यांना थंडगार स्पर्श. वर हलके, खाली जड असे हे थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत, कारण जड पाणी वर उचलायला शक्ती खर्च करावी लागते. समुद्रात उष्णतेच्या जोडीला मीठही असते. खारे पाणी जड, गोडे हलके. हे थर कोणीच ढवळले नाहीत तर काय होईल? रेणूंच्या स्वतःच्या हालचालीने, म्हणजे निव्वळ विसरणाने, ते हळूहळू एकजीव होतील. किती हळूहळू, हे सांगणारा नियम १८५५ साली अडोल्फ फिक यांनी मांडला.

हे तेच फिक, ज्यांच्या तत्त्वावर आपण हृदयाचा मिनिटागणिक रक्तपुरवठा काढायला शिकलो. ते तत्त्व त्यांनी १८७० मध्ये सांगितले. त्याच्या पंधरा वर्षे आधी, झुरिचमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवीत असताना, पेशींच्या पडद्यातून क्षार कसे जातात या कुतूहलापोटी त्यांनी मिठाचे खडे आणि पाण्याच्या नळ्या घेऊन प्रयोग केले आणि फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या नियमाच्या धर्तीवर विसरणाचा नियम लिहिला. भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेला हा नियम एका शरीरक्रियावैज्ञानिकाने दिला, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

फिक यांच्या नियमाने हिशेब मांडला की निव्वळ रेणूंच्या भरवशावर पाण्यातील उष्णतेला एक मीटर सरकायला सुमारे तीन महिने लागतात. अंतर दहापट झाले की काळ शंभरपट होतो; म्हणून शंभर मीटरला ढोबळमानाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागतो. मीठ तर याहूनही आळशी. त्याला तेवढ्याच अंतरासाठी दोन लाख वर्षे पुरणार नाहीत. प्रत्यक्ष समुद्र एवढा सुस्त नाही हे उघड आहे. चहात साखर घालून कोणी विसरणाची वाट पाहत बसत नाही, चमचा फिरवतो. चमच्याने भोवरे होतात, मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान, आणि शेवटी पाण्याच्या चिकटपणात ते विरून जातात. या गोंधळालाच शास्त्रीय भाषेत संक्षोभ म्हणतात. ताक घुसळताना आपल्याकडे मराठी घरात रवी आणि कन्नड घरात कडेगोलु हेच काम करते. मग प्रश्न उरतो तो समुद्राच्या रवीचा. ती कोठे आहे, आणि किती जोराने फिरते?

कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या वॉल्टर मंक यांनी १९६६ साली एका निबंधात या प्रश्नाला हात घातला. योगायोग असा की भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जी आज गोव्यात दोना पावला येथे आहे, तीही १ जानेवारी १९६६ रोजीच स्थापन झाली. मंक यांचा युक्तिवाद एखाद्या निष्णात निदानकाराला शोभेल असा होता. ध्रुवीय प्रदेशात थंड, जड पाणी सतत तळाशी बुडत असते. ते तसेच साचत राहिले तर काही हजार वर्षांत सारा महासागर बर्फासारख्या पाण्याने भरून जाईल आणि वर ऊबदार पाण्याचा पातळसा पापुद्रा तेवढा उरेल. तसे झालेले नाही. म्हणजे वरची ऊब कोणीतरी सतत खाली ढकलीत आहे, आणि तळाचे पाणी हळूहळू वर येत आहे. पॅसिफिकच्या मध्यभागातील तापमान, क्षारता आणि किरणोत्सारी कार्बनाच्या नोंदींवरून त्यांनी काढले की पाणी दिवसाला सुमारे सव्वा सेंटिमीटर वर चढत असावे आणि त्यासाठी मिश्रणाचा गुणांक दर सेकंदाला एका वर्ग मीटरचा साधारण दहा-हजारावा भाग असावा. उष्णतेच्या रेणवीय विसरणाच्या जवळजवळ हजारपट! रोग्याला न शिवता, केवळ लक्षणांवरून काढलेले हे अनुमान होते.

आता प्रत्यक्ष तपासणी करायची वेळ आली. संक्षोभ मोजणे म्हणजे त्याचे शेवटचे, सर्वांत लहान भोवरे पकडणे, कारण ढवळण्यात घातलेली बहुतेक शक्ती तेथेच उष्णता होऊन विरते. हे भोवरे खोल समुद्रात अर्ध्या ते एक सेंटिमीटर आकाराचे असतात. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे शक्ती कोणत्या नियमाने उतरते ते सांगितले होते, आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका भरतीच्या खाडीत त्या नियमाची उत्तम प्रचीती आली. मात्र खाडी म्हणजे खळाळता प्रवाह. खुला महासागर त्या मानाने निपचित. खोल पाण्यात किलोमागे एका वॅटचा दहा अब्जावा भाग एवढीच शक्ती विरत असते. दहा वॅटचा एक दिवा एक दशांश घन किलोमीटर पाण्यात वाटून टाकला तर जेवढी, तेवढी. ती मोजायची आहे, तीही हलणाऱ्या, घरघरणाऱ्या जहाजावरून.

त्यासाठी तयार झालेले उपकरण आपल्यातील सोनोग्राफीवाल्यांना लगेच कळेल. पीझोइलेक्ट्रिक पट्टीवर मऊ रबराची, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची टोपी. बाजूने पाण्याचा धक्का बसला की पट्टी किंचित वाकते आणि विद्युत संकेत देते. अशी टोके बसविलेली लांब नळी समुद्रात सोडतात. तिला दोर असतो, पण तो मुद्दाम ढिला ठेवतात, जेणेकरून जहाजाची थरथर नळीपर्यंत पोचू नये. नळी सेकंदाला अर्ध्या-पाऊण मीटरने शांतपणे खाली पडते आणि सेकंदाला शेकडो नोंदी घेते. हृदयाची मर्मर ऐकताना आपण खोलीतील पंखा बंद करायला सांगतो, त्यातलाच हा प्रकार. खरे म्हणजे साम्य त्याहूनही जवळचे आहे. अरुंद झडपेतून जाणारे रक्त संक्षुब्ध होते म्हणूनच मर्मर ऐकू येते. रक्तदाब मोजताना कोरोत्कोव्ह यांचे ध्वनी ऐकतो तेही पट्ट्याखाली दबलेल्या धमनीतल्या बिघडलेल्या प्रवाहाचेच. आपण रोज संक्षोभ ऐकतो, फक्त त्याला ते नाव देत नाही.

विरणारी शक्ती कळली, तरी मिश्रण किती झाले हे कळत नाही. थॉमस ऑस्बॉर्न यांनी १९८० मध्ये दिलेली तोड आजही वापरात आहे. जड पाणी वर उचलण्यात जी शक्ती लागते ती उष्णतेत विरणाऱ्या शक्तीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी धरावी, आणि थरांच्या ताठरपणाने तिला भागावे. हा ताठरपणा कसा समजावा? थरांतील पाण्याचा एक गोळा जरा खाली ढकलून सोडला तर तो वर येतो, पुढे जातो, परत खाली येतो. मध्यम खोलीवर असा एक हेलकावा वीसेक मिनिटांचा असतो. जेथे थर फार कडक, तेथे तो तीन-चार मिनिटांत पुरा होतो. हेलकावा जितका झटपट, तितके मिश्रण अवघड. तो पाचवा हिस्सा सर्वत्र सारखा आहे का, यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद झडतात. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोठा धाडसी अंदाज तोच आहे. पण व्यवहारात तो बऱ्यापैकी टिकला आहे, हेही कबूल केले पाहिजे.

आणखी एक स्वस्त युक्ती एस. ए. थॉर्प यांनी १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातील नोंदींवर वापरून दाखविली. शाळेत प्रार्थनेसाठी मुले उंचीप्रमाणे उभी करतात; मध्येच एखादा उंच मुलगा पुढे घुसला असेल तर त्याला त्याच्या जागी नेताना किती पावले चालावे लागले ते मोजता येते. तसेच घनतेच्या नोंदीत जड पाणी हलक्याच्या वर सापडले की तेथे नुकतीच उलथापालथ झाली असे समजावे, सर्व पाणी कागदावर क्रमाने लावावे आणि प्रत्येक थेंबाला किती सरकवावे लागले ते पाहावे. त्या अंतरावरून संक्षोभाचा अदमास येतो. महागडे उपकरण नसलेल्या जहाजांना याचा फार उपयोग झाला.

या साऱ्या मोजण्यांत एक अडचण अशी, जी आपल्याला रोज भेटते. रुग्णाचा रक्तदाब एकदाच पाहून त्याचे वर्षभराचे निदान करता येत नाही. समुद्रातला संक्षोभ त्याहून लहरी आहे. बहुतेक वेळ, बहुतेक ठिकाणी, जवळपास काहीच घडत नाही. मग एखाद्या ठिकाणी एखादा लोट उठतो आणि आजूबाजूच्या शेकडो शांत नोंदींइतके काम एकटाच करून जातो. गावाच्या सरासरी उत्पन्नात दोन-चार सावकार जसे सगळी सरासरी वर ओढतात, तसे. ते लोट नळीला भेटलेच नाहीत तर सरासरी खोटी पडते.

प्रत्यक्षात नळीने दिलेला आकडा मंक यांच्या अनुमानाच्या एक-दशांश भरत होता. लोट निसटत होते, की मंक चुकले होते? निर्णय करण्यासाठी सरळ रंगद्रव्याचा प्रयोग करायचे ठरले. इंडिकेटर सौम्य करून रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत आपल्याला माहीत आहेच. मे १९९२ मध्ये जेम्स लेडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी बेटांच्या पश्चिमेस, सुमारे तीनशे मीटर खोलीवरील एका पातळ थरात १३९ किलो सल्फर हेक्झाफ्लुओराइड सोडले. दृष्टिपटल सुटलेल्या डोळ्यात नेत्रशल्यचिकित्सक जो वायू भरतात, तोच हा. तो निरुपद्रवी, समुद्रात नैसर्गिकरीत्या नसणारा, आणि अतिसूक्ष्म प्रमाणातही ओळखता येणारा. महिन्यामागून महिने ते त्याचा माग काढीत राहिले. आडवा तो शेकडो किलोमीटर पसरला. उभ्या दिशेने मात्र सहा महिन्यांत जेमतेम वीसेक मीटर फाकला. गुणांक निघाला सेकंदाला वर्ग मीटरचा साधारण लाखावा भाग. नळी बरोबर होती.

मग तळाच्या पाण्याला वर आणणारी रवी कोठे? १९९६ आणि १९९७ मध्ये ब्राझीलच्या पूर्वेकडील खोल समुद्रात केलेल्या मोजणीने तिचा पत्ता दिला. सपाट तळावर संक्षोभ क्षीण. पण मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या ओबडधोबड उतारावर तो दसपट, शंभरपट. चंद्राच्या ओढीने भरती-ओहोटीचे पाणी या डोंगरांवरून घासत जाते, त्यातून पाण्याच्या आतल्या आत लाटा उठतात आणि फुटतात. उपग्रहांच्या नोंदींवरून २००० साली दिसून आले की भरतीची सुमारे एक टेरावॅट, म्हणजे दहा लाख मेगावॅट शक्ती खोल महासागरात अशी खर्च होते. पुराणातील रवीही पर्वताचीच होती, हे वाचून मला गंमत वाटली. त्यापलीकडे त्या साम्यातून काही सिद्ध करण्याची माझी इच्छा नाही.

या कथेला अलीकडे आणखी एक पुरवणी जोडली गेली. २०२१ च्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या पश्चिमेकडील रॉकॉल द्रोणीच्या उतारावरील एका सागरी दरीत शास्त्रज्ञांनी फ्लुओरेसीन सोडले. पुन्हा नेत्रविभागाच्याच कपाटातली वस्तू! तळालगतचे ते हिरवे पाणी दिवसाला शंभर मीटरच्या घरात वर चढताना आढळले. २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगाच्या सरासरीसाठी मंक यांनी दिवसाला सव्वा सेंटिमीटर धरला होता. त्या निबंधाचे लेखक १०१ वर्षांचे होऊन २०१९ मध्ये निवर्तले होते. हा आकडा पाहायला ते हवे होते.

आता आपला उपसागर. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावतीच्या पुढे गोदावरी-कृष्णेचा वाटा लहान, आणि मांजरेचे पाणी तर सिंगूर, निजामसागर, श्रीरामसागर अशा धरणांत अडत-अडत जाते. तरीही नद्या आणि प्रत्यक्ष समुद्रावर पडणारा पाऊस मिळून पावसाळ्यानंतर उत्तर उपसागरावर गोड्या पाण्याचा काही मीटर जाडीचा थर पसरतो. गोड्या-खाऱ्याची ही सीमा इतकी ताठर असते की तेवढ्याच संक्षोभाने फारसे मिश्रण होत नाही. काही वेळा ते रेणवीय विसरणाच्या पातळीवर येऊन टेकते. परिणाम असा की वाऱ्याचा जोर त्या पातळ थरातच अडकतो आणि खालचे थंड पाणी वर येत नाही. चक्रीवादळाला थोपविणारा निसर्गाचा नेहमीचा उपाय म्हणजे त्याने स्वतःच ढवळून वर आणलेले थंड पाणी. देबाशिष सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की पावसाळ्यानंतर उत्तर उपसागरात वादळे जातात, समुद्र ढवळतात, पण पृष्ठभाग फारसा थंड होत नाही. म्हणजे वादळाची इंधनाची टाकी बंदच होत नाही.

म्हणूनच गेल्या दशकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी सागरनिधी आणि रॉजर रेव्हेल या जहाजांवरून उपसागराचे मिश्रण मोजण्याची मोठी मोहीम चालविली, आणि जून-जुलै २०१६ मध्ये गोव्याच्या संस्थेचे सिंधु साधना हे जहाज भर पावसाळ्यात दक्षिण उपसागरात त्याच कामासाठी गेले. पावसाळ्यातला उपसागर म्हणजे काय, हे कोकणातल्या कोणा खलाशाला विचारावे. त्या खवळलेल्या पाण्यात ढिल्या दोराची नळी तासन् तास सोडणाऱ्या तरुण संशोधकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपण अवघड रुग्णाला ज्या हैदराबादला पाठवतो, त्याच शहरातील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रात सोडलेल्या आर्गो तरंडांच्या नोंदी गोळा करते. हे तरंड दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपासून वर येत तापमान व क्षारता मोजतात. त्यांच्या नोंदींतील बारीक सुरकुत्यांवरून मिश्रणाचा अदमास घेण्याची रीत आता रूढ झाली आहे.

हे आपल्या अंगणापर्यंत कसे येते, याचे उदाहरण लांबचे नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणातून थेट आपल्या भागावर आला. हैदराबाद बुडाले, कलबुर्गी जिल्ह्यात भीमेने गावे वेढली, सोलापूर-पंढरपूरपर्यंत हाहाकार झाला. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले, फुलोऱ्यात येणारी तूर पाण्याखाली गेली. त्या आठवड्यांत माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण होते, पण त्यांच्यामागे आलेल्या नातेवाइकांची झोप उडाल्याची तक्रार अधिक होती. हवामानाचे अंदाज देणाऱ्या गणकयंत्रात समुद्राच्या मिश्रणाचा एक आकडा भरावा लागतो. तो दसपट चुकला तर पृष्ठभागाचे तापमान चुकते, तापमान चुकले की बाष्प चुकते, आणि पुढचे आपण भोगतो.

शेवटी प्राणवायूविषयी. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर प्राणवायू जवळपास संपलेला एक विस्तीर्ण पट्टा आहे, आणि तेथे जिवाणू नायट्रेटवर जगून नायट्रोजन वातावरणात सोडतात. गोव्याच्या संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी सहकाऱ्यांसह २००० साली दाखविले की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही हा प्राणवायूचा तुटवडा तीव्र होत आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. भूलतज्ज्ञांच्या परिचयाचा हा वायू हवेत गेल्यावर पृथ्वीला तापवितो. बंगालच्या उपसागराची स्थिती याहून नाजूक म्हणावी अशी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तेथील मध्यम थरात नॅनोमोल पातळीवर प्राणवायूचा अंश शिल्लक सापडला. एवढासा, पण जिवाणूंना नायट्रेटकडे पूर्णपणे वळू न देण्याइतका.

या अंशाचे भवितव्य पुन्हा त्या रवीच्या हातात आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी काम करते. मिश्रण वाढले तर वरून थोडा प्राणवायू खाली जाईल. पण खालची पोषकद्रव्ये वर येऊन सूक्ष्म वनस्पती फोफावतील, त्यांचा कचरा खाली पडेल, आणि तो कुजविण्यात प्राणवायू खर्च होईल. मिश्रण घटले तर कचरा कमी, पण पुरवठाही कमी. औषधाची मात्रा ठरविताना आपण ज्या कात्रीत सापडतो, तीच ही. समुद्राचा पृष्ठभाग तापत चालला आहे, कारण पृथ्वीवर अडकणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरच पोटात घेतो. त्यामुळे थर आणखी ताठ होत आहेत. उपसागराचा तोल कोणत्या बाजूला जाईल हे ठरविणारा गुणांक सेकंदाला वर्ग मीटरच्या लाखाव्या भागाहूनही लहान आहे, आणि तो मोजायला जहाजे दर मोसमात पुन्हा त्याच पाण्यात जातात.